न संपणारं वर्गमूळ: ओपनएसएसएलमधल्या एका लूपचं प्रकरण

१५ मार्च २०२२ रोजी ओपनएसएसएल प्रकल्पाने, म्हणजे असंख्य सर्व्हर आणि प्रोग्राम सुरक्षित जोडणीसाठी जी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतात तिच्या कर्त्यांनी, १.१.१एन आणि ३.०.२ या दोन आवृत्त्या एकाच दिवशी बाहेर काढल्या. सोबतच्या सुरक्षा सूचनेत एकच दोष होता. सीव्हीई या सुरक्षा दोषांच्या जागतिक यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२२-०७७८ आणि गांभीर्य 'हाय'. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या टॅविस ऑर्मंडी यांनी तो २४ फेब्रुवारीला कळवला होता. गूगलचेच डेव्हिड बेंजामिन आणि ओपनएसएसएलचे टोमाश म्राझ यांनी दुरुस्ती लिहिली. कळवल्यापासून पॅच लोकांच्या हातात पडेपर्यंत १९ दिवस गेले.

या दोषातून पासवर्ड फुटत नव्हते, खाजगी की बाहेर पडत नव्हती. २०१४ च्या हार्टब्लीडसारखी सर्व्हरच्या मेमरीची चोरी इथे नव्हती. एक खास बनवलेलं सर्टिफिकेट, म्हणजे जोडणीत समोरच्याची ओळख सांगणारा डिजिटल दाखला, वाचायला घेतलं की प्रोग्राम एका लूपमध्ये अडकायचा आणि तिथून बाहेर यायचा नाही, एवढंच. त्या आठवड्यात "फक्त डीओएस आहे, चालेल, पुढच्या मेंटेनन्सला बघू" हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलं. डीओएस म्हणजे डिनायल ऑफ सर्व्हिस, सेवा बंद पाडणारा हल्ला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. सेवा बंद पडते तेव्हा पलीकडे कुणीतरी रिपोर्टची किंवा पैसे पोचल्याची वाट बघत बसलेलं असतं. आणि हा दोष लायब्ररीच्या अशा कोपऱ्यात होता, जिथे समोरचा कोण आहे हे ठरायच्या आधीच त्याचं सामान उघडलं जातं.

सर्टिफिकेटवर सही असते आणि ती आपल्या विश्वासातल्या संस्थेची आहे की नाही ते तपासून मगच आपण ते मानतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सही तपासायची तर आधी सर्टिफिकेट वाचावं लागतं. त्यातली पब्लिक की (सही पडताळायला लागणारी उघडी किल्ली) कुठल्या प्रकारची, कुठल्या कर्व्हवरची (गणिती वक्ररेषेवरची), तिचा बिंदू कोणता, हे सगळं आधी उलगडून घ्यावं लागतं. १.१.१ आणि ३.० या मालिकांत हे काम सर्टिफिकेट वाचतानाच व्हायचं. सही खरी की खोटी हा प्रश्न त्यानंतरचा. त्यामुळे "आम्ही अनोळखी सर्टिफिकेट स्वीकारतच नाही" या उत्तराचा इथे काही उपयोग नव्हता. नाकारायची वेळ यायच्या आतच प्रोसेस अडकलेली असायची. जुन्या १.०.२ मध्ये पब्लिक की पहिल्या वाचनात उलगडली जात नसे, म्हणून तिथे दोष गाठणं थोडं अवघड होतं. पण हल्लेखोराने स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट दिलं की ती सही तपासण्यासाठी त्यातलीच की लागायची, आणि गाडी पुन्हा तिथेच यायची.

आता वर्गमूळ मधेच कुठून आलं ते सांगतो. इलिप्टिक कर्व्हवरची पब्लिक की म्हणजे त्या कर्व्हवरचा एक बिंदू, म्हणजेच एक्स आणि वाय अशा दोन संख्या. पी-२५६ या नेहमीच्या कर्व्हवर दोन्ही लिहिल्या तर ६५ बाइट लागतात. पण एक्स कळला की वायचा वर्ग समीकरणातून निघतो, मग वाय म्हणून दोनच पर्याय उरतात. त्यातला कोणता, एवढं सांगितलं की पुरतं. म्हणून ३३ बाइटांत काम भागतं. याला कॉम्प्रेस्ड रूप म्हणतात. वाचणाऱ्याने मात्र वायच्या वर्गावरून वाय काढायचा असतो. हे आपलं शाळेतलं वर्गमूळ नव्हे. इथे प्रत्येक गुणाकारानंतर एका ठरलेल्या संख्येने, तिला 'पी' म्हणू, भागून फक्त बाकी ठेवायची असते. पी मूळ संख्या असेल तर असं वर्गमूळ काढायची एक सुंदर रीत आहे. तिला टोनेली-शँक्स म्हणतात. ओपनएसएसएलमधल्या 'बीएन_मॉड_एसक्यूआरटी' या फंक्शनात तीच रीत लिहिलेली होती.

इथे एक वाजवी शंका येते. पी-२५६ चा पी तर ठरलेला, जगाने तपासलेला, मूळच आहे. मग मूळ नसलेला पी आत येतोच कसा? तो येतो, कारण कर्व्हचं नुसतं नाव न देता त्याचे सगळे आकडे, पीसकट, सर्टिफिकेटमध्येच लिहायची सोय जुन्या मानकांत होती. इंटरनेटवरच्या सर्टिफिकेटांसाठी असे आकडे देऊ नयेत, असं २००९ च्या आरएफसी ५४८० या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने स्पष्ट बजावलं आहे. तरी लायब्ररी ते वाचत राहिली. कुठल्यातरी जुन्या उपकरणाचं अडायला नको, हा त्यामागचा हिशोब असतो. जानेवारी २०२० मध्ये विंडोजच्या क्रिप्टोएपीआयमध्ये सापडलेला सीव्हीई-२०२०-०६०१ हा दोषही याच वाटेने आला होता. तिथे हे स्वतः लिहिलेले आकडे वापरून खोटी सर्टिफिकेटं खरी भासवता येत होती. दोन वर्षांत दोन वेगवेगळ्या लायब्रऱ्यांना याच दारातून त्रास झाला. माझ्या मते हे दार दशकभर आधीच बंद व्हायला हवं होतं.

ओपनएसएसएल या पीची तपासणी करायचं, पण फार वरवरची: संख्या विषम आहे ना, आणि तीनपेक्षा मोठी आहे ना. ती मूळ आहे का, हे तिथे पाहिलं जात नव्हतं. ती चाचणी महाग असते. वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावर मात्र टिप्पणी होती की पी मूळ असलीच पाहिजे, आणि शेवटी उद्गारचिन्हही होतं. ज्याने ते लिहिलं त्याला धोका दिसत होता. पण टिप्पणी वाचतो तो प्रोग्रामर. परक्या माणसाने पाठवलेलं सर्टिफिकेट ती वाचत नाही.

लूप कसा अडकतो ते शब्दांत सांगण्यापेक्षा एका छोट्या संख्येवर दाखवतो. मी हे कागदावर करून पाहिलं आहे, तुम्हीही कॅल्क्युलेटर घेऊन बसा. पी म्हणून ६९७ घ्या. ही मूळ नाही, ती १७ गुणिले ४१ आहे. ज्याचं वर्गमूळ काढायचं ती संख्या ६९६. पीमधून एक वजा करायचा आणि त्यात दोनाचा गुणक किती वेळा आहे ते मोजायचं: ६९६ म्हणजे ८ गुणिले ८७, म्हणजे तीन वेळा. हा तीनाचा आकडा फंक्शनात 'ई' नावाने ठेवलेला असतो. रीत अशी की हातात एक संख्या असते, 'बी'. ती एक झाली की उत्तर सापडलं. एक नसेल तर तिचा वर्ग, त्याचा वर्ग, त्याचा पुन्हा वर्ग असं करत कितव्या पायरीला एक येतो ते बघायचं. जितक्या पायऱ्या लागल्या तो आकडा नवा ई होतो. प्रत्येक फेरीत ई कमी होत जातो, आणि पी मूळ असेल तर ई एकावर येतो तेव्हा बी नक्की एक झालेली असते. हे गणिताने सिद्ध आहे.

६९७ मूळ नसल्यामुळे मात्र पहिल्याच फेरीनंतर ई एकावर येतो आणि बी ६४ वर राहते. आता फंक्शन ६४ चे वर्ग करायला लागतं. ६४ चा वर्ग ४०९६, त्याला ६९७ ने भागलं की बाकी ६११. ६११ चा वर्ग करून भागलं की बाकी ४२६. ४२६ वरून २५६. २५६ वरून १८. १८ चा वर्ग ३२४. आणि ३२४ चा वर्ग १,०४,९७६, त्याला ६९७ ने भागलं की बाकी पुन्हा ४२६. म्हणजे ४२६, २५६, १८, ३२४, ४२६, २५६, १८, ३२४. घाण्याच्या बैलासारखं चालतच राहणार. एक कधीच येणार नाही.

अशा वेळी सुटका व्हावी म्हणून लूपमध्ये एक अट होती. पायऱ्या मोजणारा आकडा ईइतका झाला की चूक जाहीर करून बाहेर पडायचं. आकडा एकापासून सुरू व्हायचा, आणि अट तपासायच्या आधी एकाने वाढवला जायचा. म्हणजे पहिल्यांदा अट तपासली तेव्हा तो दोन होता, आणि ई होता एक. दोन एकाबरोबर नाही. तीन नाही. चार नाही. 'पाचव्या मजल्यावर थांब' असं सांगितलेल्या माणसाने सहाव्या मजल्यापासून वर चढायला सुरुवात करावी, तसं झालं.

या फंक्शनबद्दल मला सर्वात जास्त विचारात पाडलं ते त्याच्या शेवटच्या भागाने. तिथे उत्तराची फेरतपासणी होती. सापडलेल्या वर्गमुळाचा वर्ग करून तो सुरुवातीला दिलेल्या संख्येशी जुळतो का ते पाहिलं जायचं. जवळच टीप होती की ही चाचणी ०.९.८ या आवृत्तीत घातली. म्हणजे कुणीतरी कधीतरी बसून विचार केला होता की या फंक्शनला वाईट संख्या मिळाली तर ते चुकीचं उत्तर देईल, आणि त्याचा बंदोबस्तही केला होता. तो बंदोबस्त लूपच्या पलीकडे उभा होता. उत्तर चुकलं तर पकडणारा माणूस नेमलेला, पण उत्तर आलंच नाही तर विचारणारं कुणी नाही. चांगल्या, काळजीने लिहिलेल्या कोडमध्ये चूक कुठे लपते, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

मग धोका कुणाला होता? इथे बऱ्याच ठिकाणी गल्लत झाली. साधा एचटीटीपीएस सर्व्हर समोरच्याकडे सर्टिफिकेट मागत नाही, स्वतःचं दाखवतो. त्यामुळे नुसत्या वेबसाइटला ब्राउझरकडून या वाटेने धोका नव्हता. जे सर्व्हर ग्राहकाकडूनही सर्टिफिकेट मागतात, म्हणजे म्युच्युअल टीएलएस वापरतात (टीएलएस म्हणजे एचटीटीपीएसमागची सुरक्षित जोडणीची पद्धत), ते थेट उघडे होते. बँकांशी, पेमेंट गेटवेशी किंवा भागीदार कंपन्यांशी एपीआयने बोलणाऱ्या यंत्रणांत ही पद्धत सर्रास आहे. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की सुरक्षा वाढवायला घातलेली पायरीच इथे हल्ल्याची पायरी झाली. ग्राहकांकडून सर्टिफिकेट किंवा खाजगी की अपलोड करून घेणारे होस्टिंगवाले आणि सर्टिफिकेटसाठीचे अर्ज वाचणाऱ्या संस्था, यांचंही नाव सूचनेत होतं.

आणि मग सर्व क्लायंट, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरशी स्वतःहून जोडणी करणारे प्रोग्राम. सर्व्हरही दिवसभर क्लायंटचं काम करत असतो, हे आपण विसरतो. मेल सर्व्हर बाहेर मेल पाठवताना समोरच्या मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट वाचतो. 'तुमचा यूआरएल द्या, ऑर्डर झाली की आम्ही कळवू' अशी वेबहुकची सोय असेल, तर आपली यंत्रणा ग्राहकाने दिलेल्या कुठल्याही पत्त्यावर जाऊन त्याचं सर्टिफिकेट वाचते. हल्लेखोराला आपलं दार ठोठवायचीही गरज नाही. तो स्वतःचा पत्ता देतो आणि आपणच त्याच्या घरी चालत जातो.

अडकलेली प्रोसेस बाहेरून कशी दिसते? चालू प्रोसेसांची यादी दाखवणारा टॉप लावला की एक ओळ शंभर टक्के सीपीयूवर स्थिर. प्रोसेस कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, काय मागते ते दाखवणारा एसट्रेस जोडला तर पडद्यावर काहीच उमटत नाही, कारण ती काही मागतच नाही, नुसती आकडेमोड करते आहे. वेळ कुठल्या फंक्शनात जातो ते दाखवणारा पर्फ लावला तर मोठ्या संख्यांच्या भागाकाराची फंक्शनं दिसतात. अॅक्सेस लॉगमध्ये नोंद नाही, कारण हँडशेकच, म्हणजे जोडणीची सुरुवातीची बोलणीच, पुरी झालेली नाही. टाइमआउटही मदतीला येत नाही. एनजिन्क्ससारख्या वेब सर्व्हरमध्ये एक वर्कर (प्रत्यक्ष काम करणारी प्रोसेस) एकाच धाग्यात हजारो कनेक्शन सांभाळतो, आणि टाइमआउट तपासायचं कामही त्याच धाग्याचं असतं. तो धागाच वर्ग करत बसला, तर घड्याळ कोण बघणार? त्या वर्करवरची सगळी कनेक्शनं तिथेच गोठतात. सहसा जितके सीपीयू कोअर तितके वर्कर ठेवलेले असतात. आठ कोअरच्या मशिनला आठ वाईट सर्टिफिकेटं पुरेत. पुराचा मारा नको, बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज) नको. शिवाय ज्या प्रोग्रामने टर्म सिग्नल (बंद हो अशी विनंती) स्वतःच्या हातात घेतलेला असतो, तो सिग्नल मिळाल्यावर फक्त 'थांबायचंय' अशी खूण करून ठेवतो आणि हातातलं काम संपलं की ती बघतो. इथे हातातलं काम संपतच नाही. शेवटी किल -९ या जबरदस्तीने मारण्याच्या आज्ञेशिवाय मार्ग नसतो.

भारतातल्या वाचकांसाठी याच वर्षातली आणखी एक गोष्ट. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं, आणि त्या यादीत डिनायल ऑफ सर्व्हिसही आहे. जो हल्ला लॉगमध्ये उमटतच नाही तो सहा तासांत ओळखायचा, तर वर्करचा सीपीयू कुणीतरी बघत असायला हवा.

आता पॅचबद्दल, कारण खरी दमछाक तिथे झाली. त्या वेळी मी एका छोट्या टीमसाठी उबंटू २०.०४ चे काही सर्व्हर सांभाळत होतो. त्यातले दोन म्युच्युअल टीएलएसचे होते. पॅकेजं आली त्याच संध्याकाळी बरोबरच्या मुलाने अपडेट चालवलं आणि सांगितलं, "सर, झालं. एनजिन्क्स रीलोडपण केलं."

"व्हर्जन काय दाखवतंय?"

"तीच जुनी, १.१.१एफ. म्हणजे अपडेट लागलंच नाही का?"

अपडेट लागलं होतं. उबंटू, डेबियन, रेड हॅट ही लिनक्सची वितरणं बनवणारी मंडळी सहसा नवी आवृत्ती घेत नाहीत, जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती आणून बसवतात. त्यामुळे ओपनएसएसएलला आवृत्ती विचारली तर तो १.१.१एफच सांगणार. खरं उत्तर पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीईचा क्रमांक शोधून मिळतं. ते मिळालं आणि मुलगा निश्चिंत झाला. मी म्हटलं, "अरे, एलसॉफ लाव एकदा." कुठली प्रोसेस कुठली फाइल वापरते ते ही आज्ञा दाखवते. लावलं, तर एनजिन्क्सच्या प्रत्येक प्रोसेसपुढे लिबक्रिप्टोच्या (ओपनएसएसएलच्या लायब्ररी फाइलच्या) ओळीत 'डीईएल' अशी खूण. म्हणजे डिस्कवरची जुनी फाइल पुसली गेली होती, पण चालू प्रोसेसच्या पोटात ती तशीच होती. रीलोड केल्यावर एनजिन्क्स नवे वर्कर जन्माला घालतो, हे खरं. पण ते जन्मतात त्याच जुन्या मास्टर प्रोसेसमधून, आणि मास्टरने लायब्ररी सुरुवातीलाच उचललेली असते. नवे वर्कर, जुना दोष. पूर्ण रीस्टार्टच लागतो. तो करायला आम्हाला रात्री साडेअकरापर्यंत थांबावं लागलं, कारण दिवसा त्या कनेक्शनांवर व्यवहार चालू असायचे. तोपर्यंतचे ते काही तास मी टॉपची खिडकी उघडी ठेवून बसलो होतो.

कंटेनरांचं, म्हणजे स्वतःच्या लायब्रऱ्यांसकट डबाबंद केलेल्या प्रोग्रामांचं, वेगळंच. खालच्या मशिनवर पॅच लावला म्हणून आतल्या इमेजमधली लायब्ररी बदलत नाही. प्रत्येक इमेज नव्याने बांधावी लागते. ज्या प्रोग्रामांत ओपनएसएसएल थेट जोडून बांधलेला असतो, ते तर पॅकेज मॅनेजरला दिसतही नाहीत. नोड.जेएस हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी स्वतःच्या वेगळ्या आवृत्त्या काढल्या. ओपनएसएसएलपासून फुटून निघालेल्या लिबरएसएसएलमध्येही हाच कोड होता आणि तिथेही दुरुस्ती झाली.

सर्वात वाईट अवस्था जुन्या मशिनांची होती. १.०.२ चा सार्वजनिक आधार ३१ डिसेंबर २०१९ लाच संपला होता. त्या मालिकेची दुरुस्ती, १.०.२झेडडी, फक्त पैसे भरून आधार घेणाऱ्यांना मिळाली. सेंटओएस ७ वर १.०.२के होतं, पण त्याची जबाबदारी वितरणाने घेतलेली असल्याने तिथे पॅच आला. सेंटओएस ८ वाल्यांचं मात्र दुर्दैव. ते वितरण ३१ डिसेंबर २०२१ ला बंद झालं होतं आणि हा दोष जाहीर झाला अडीच महिन्यांनी. २०१९ मध्ये नवीन म्हणून बसवलेलं मशिन २०२२ च्या मार्चमध्ये निराधार होतं.

दुरुस्ती स्वतः इतकी छोटी आहे की दोन मिनिटांत वाचून होते. आधीचा लूप 'एक येईपर्यंत चाल, वाटेत ईइतका झालास तर थांब' असा होता. नवा लूप 'ईपेक्षा कमी आहेस तोवरच चाल' असा आहे. एक सापडला तर मधूनच बाहेर. ई गाठला किंवा ओलांडला तर चूक जाहीर. आपल्या उदाहरणात ई एक असताना हा लूप एकही पायरी चढत नाही, थेट चूक सांगून परत येतो. ६४ चा वर्ग करायची वेळच येत नाही.

फंक्शनच्या डोक्यावरची टिप्पणीही त्याच बदलात सुधारली गेली. आता तिथे लिहिलं आहे की पी मूळ असली पाहिजे, नाहीतर एकतर चूक परत येईल किंवा चुकीचं उत्तर. उद्गारचिन्ह काढून टाकलं आहे.